कोठारापासून चुलीपर्यंत

(व्याख्यानाचे शब्दांकन)



मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडू लागली, तेव्हा पंतांनी बिदरच्या बादशहाचे धान्यकोठार रयतेसाठी खुले केले, अशी परंपरा आहे. वर हिशोब काय द्यायचा, याचा विचार त्यांनी मागाहून केला. या कथेतील एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. भुकेलेली माणसे कोठारापर्यंत चालत येऊ शकत होती. वाटेत सुरुंग पेरलेले नव्हते. कोठाराकडे गेला म्हणून एखाद्याला शत्रूचा हस्तक ठरवणारे कुणी झाडाआड बसलेले नव्हते.

आजचा विषय ज्या प्रदेशाचा आहे, तेथे गेली काही दशके धान्याचा तुटवडा हा मुख्य प्रश्न नव्हता. सरकारी गोदामे भरलेली होती, योजना कागदावर होत्या, त्यांसाठी पैसाही मंजूर होत होता. प्रश्न होता तो वाटेचा. हा प्रदेश म्हणजे छत्तीसगडचा दक्षिण बस्तर, आणि इंद्रावतीच्या अलीकडच्या तीरावरचा आपला गडचिरोली जिल्हा. रक्तपाताच्या दीर्घ पर्वातून हा प्रदेश आता बाहेर पडू लागला आहे. अशा वेळी तेथील वनवासी कुटुंबाच्या चुलीपर्यंत अन्न कसे पोहोचवायचे आणि कोणत्या भावनेने पोहोचवायचे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

धान्याचे शस्त्र झाले

१९८० च्या सुमारास आंध्रातून सशस्त्र तुकड्या गोदावरी ओलांडून गडचिरोली आणि बस्तरच्या अरण्यात शिरल्या. तेंदूपत्त्याच्या मजुरीचा आणि वनखात्याच्या जाचाचा प्रश्न त्यांनी हाती घेतला, हे खरे आहे. ही गाऱ्हाणी खोटी नव्हती. बस्तरच्या आठवडी बाजारात व्यापारी मिठाच्या बदल्यात तोलून चारोळी घेत, हे पिढ्यान् पिढ्या चाललेले होते. गाऱ्हाणी खरी होती, म्हणूनच बंदुकीला आसरा मिळाला. पुढे त्याच बंदुकीने शाळा पाडल्या, रस्ते उखडले, सरपंचांना आणि पोलीस पाटलांना ‘खबऱ्या’ ठरवून ठार केले. गावात शिजणाऱ्या भातातून दलमचा वाटा ठरला. ज्यांच्या नावाने क्रांती करायची, त्यांच्याच हंडीतून मूठभर तांदूळ काढून घेतला जाऊ लागला.

जून २००५ मध्ये विजापूरच्या परिसरात ‘सलवा जुडूम’ उभे राहिले. माओवाद्यांविरुद्धचा जनतेचा उठाव म्हणून त्याकडे पाहिले गेले आणि त्यामागे गावकऱ्यांचा खरा संतापही होता. परंतु त्याच्या ओघात गावेच्या गावे रिकामी झाली. सुमारे पन्नास हजार माणसे रस्त्याकडेच्या शिबिरांत आणली गेली. कित्येक कुटुंबे सीमा ओलांडून तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि वरंगळच्या जंगलात गेली. उरलेली आपल्याच गावामागच्या डोंगरात लपली. जुलै २००६ मध्ये माओवाद्यांनी एर्राबोरच्या शिबिरावर हल्ला करून मुलाबाळांसह तीसहून अधिक माणसे मारली. पुढे ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पुरेसे प्रशिक्षण नसलेल्या वनवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून लढ्यात उतरवणे घटनाबाह्य ठरवले.

या घटनाक्रमात अन्नाचे काय झाले, याची चर्चा फारशी होत नाही. गावे शिबिरात आली तशी स्वस्त धान्याची दुकानेही शिबिरात आली. आतल्या गावात धान्य पाठवले तर ते माओवाद्यांच्या पोटात जाईल, अशी प्रशासनाला धास्ती होती. ती अगदीच निराधार होती असेही नाही. पण तिचा परिणाम असा झाला की जो गावकरी जमीन सोडून आला नाही, त्याचे धान्यही त्याच्यापासून दूर गेले. ते आणायला शिबिराजवळ जावे तर माओवादी त्याला सरकारचा माणूस समजणार. नाही जावे तर सरकार त्याला माओवाद्यांचा माणूस समजणार. तांदळाची पिशवी हातात धरणे म्हणजे एक बाजू घेणे झाले. संघर्षात अन्नाचे शस्त्र कसे होते, याचा यापेक्षा बोलका दाखला शोधावा लागणार नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २४ मे २०१८ रोजी ठराव क्रमांक २४१७ संमत करून, उपासमारीचा युद्धतंत्र म्हणून होणारा वापर निषिद्ध मानला. त्या ठरावामागे सीरिया, येमेन, दक्षिण सुदान यांसारखे देश होते. बस्तरची त्यांच्याशी तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल. येथे निवडून आलेले शासन होते, न्यायालय होते, वृत्तपत्रे होती. तरीही भुकेल्या माणसाला बाजू विचारली जाऊ नये, हे तत्त्व जितके येमेनला लागू तितकेच आपल्या घरालाही लागू आहे.

जगरगुंड्याची वाट

या सगळ्या काळाचे चित्र सुकमा जिल्ह्यातील जगरगुंडा या एका गावात दिसते. कधी काळी ही वनोपजाची भरभराटीची बाजारपेठ होती. चिंच, मोह, चारोळी, डिंक येथे येई आणि येथून बाहेर जाई. गावात बँकही होती. संघर्ष पेटल्यावर या गावाभोवती काटेरी तारांचे कुंपण आले. दोरनापालपासूनचा सुमारे ५६ किलोमीटरचा रस्ता सुरुंगांनी आणि खंदकांनी बंद झाला. मग धान्य वर्षातून मोजक्या वेळा, सुरक्षा दलांच्या कडेकोट बंदोबस्तात, ट्रकच्या तांड्याने यायचे. महिनोन् महिन्यांचा शिधा एकदम. त्या तांड्यासमोर सुरुंग शोधत चालणाऱ्या जवानांनी धान्याच्या पोत्यांसाठी जीव धोक्यात घातला, ही गोष्ट कृतज्ञतेने नोंदवली पाहिजे.

हा रस्ता पुढे पुन्हा बांधला गेला, तोही पहाऱ्यात आणि प्राणांची किंमत मोजून. २०२५ मध्ये जगरगुंड्यात पुन्हा बँकेची शाखा उघडली. बाहेरच्या जगाला ही बातमी किरकोळ वाटेल. ज्या गावाने बाजार, बँक आणि वाट तिन्ही गमावले, त्याला ती किरकोळ वाटत नाही. तेंदूपत्त्याचे पैसे हाती पडायला आता दिवस मोडून दूरच्या गावी जावे लागणार नाही, हा तिचा अर्थ आहे.

विशेष म्हणजे ज्या वर्षांत दक्षिण बस्तरची ही दशा होती, त्याच वर्षांत छत्तीसगडची शिधावाटप व्यवस्था देशात नावाजली जात होती. २००४ च्या नियंत्रण आदेशाने दुकाने खाजगी व्यापाऱ्यांकडून काढून ग्रामपंचायती, महिला बचतगट, सहकारी संस्था आणि वनसमित्यांकडे सोपवली. धान्य उचलण्याचा भार दुकानदारावर न टाकता सरकारी वाहनाने थेट दुकानाच्या दारात पोहोचवले जाऊ लागले. २००७ नंतर तांदळाचा दर आधी तीन रुपये किलो आणि मग दोन व एक रुपयावर आला. सोबत आयोडीनयुक्त मीठ मोफत मिळू लागले. मिठासाठी चारोळी मोजणाऱ्या समाजाला त्या मिठाचे मोल काय वाटले असेल! अनुसूचित क्षेत्रात हरभराही स्वस्तात आला. केंद्राच्या कायद्याच्या आधी, डिसेंबर २०१२ मध्ये, राज्याने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला. रितिका खेरा या अर्थशास्त्रज्ञ विदुषींच्या अंदाजानुसार २००४-०५ मध्ये राज्यातील जवळपास निम्मे धान्य वाटेतच गळत होते. २००९-१० पर्यंत ही गळती दहा टक्क्यांच्या आसपास आली. पुढे २०१५ मध्ये नागरी पुरवठा निगमात गैरव्यवहाराचे प्रकरण उघडकीस आले आणि देखरेख सैल पडली की चांगली व्यवस्थाही कशी डागाळते, हेही दिसले.

एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, महानदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला धान्य दारात मिळत होते आणि अबूझमाडच्या पायथ्याच्या माडिया कुटुंबाला त्यासाठी डोंगर उतरावा लागत होता. उत्तम व्यवस्थाही जिथे रस्ता संपतो तिथे थांबते, हा यातील धडा आहे.

तीन कसोट्या

आज परिस्थिती झपाट्याने पालटली आहे. २१ मे २०२५ रोजी माओवादी पक्षाचा सरचिटणीस बसवराजू नारायणपूरच्या जंगलात मारला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. त्याच आठवड्यात जगदलपूरला दोनशेहून अधिक जणांनी आत्मसमर्पण केले. चळवळीचा कणा मोडला. छत्तीसगड शासनाने २०२४ च्या प्रारंभी ‘नियद नेल्लानार’ ही योजना आणली. या गोंडी शब्दांचा अर्थ ‘तुमचे चांगले गाव’ असा होतो. सुरक्षा दलाच्या नव्या तळापासून पाच किलोमीटरच्या परिघातील गावांना रस्ता, वीज, अंगणवाडी, शिधापत्रिका आणि तांदूळ, मीठ, हरभरा, गूळ, साखर अशा वस्तू देण्याचा तिचा मूळ संकल्प होता. योजनेला गोंडी नाव देण्याचा विवेकही स्वागतार्ह आहे.

परंतु बंदुका शांत झाल्या की काम संपते, असे मानण्याची चूक अनेक देशांनी केली आहे. खरे काम तेव्हा सुरू होते. त्या कामाला तीन कसोट्या लावता येतील.

पहिली कसोटी अंतराची. आतल्या कित्येक गावांची दुकाने नावाने त्या गावची असली तरी वर्षानुवर्षे दुसऱ्याच गावात चालत आली. छत्तीसगडमध्ये पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्याला ३५ किलो तांदूळ मिळतो. पंधरा-वीस किलोमीटर रानवाट तुडवून हे ओझे डोक्यावरून आणायचे म्हणजे जायचा एक दिवस आणि यायचा एक दिवस. घरात धडधाकट माणूस असेल तर हे जमेल. विधवा स्त्री, एकटा म्हातारा, तापाने पडलेला बाप यांनी काय करावे? तांदूळ फुकट आहे, पण दोन दिवसांची मजुरी बुडते आणि अंगातले बळ खर्ची पडते, तेव्हा तो फुकट राहत नाही. म्हणून दुकान उघडल्याची नोंद पुरेशी नाही. शेवटच्या पाड्यापासून दुकान किती पावलांवर आहे, हे मोजले गेले पाहिजे. तळापासून पाच किलोमीटरचा परीघ ही सुरुवात म्हणून ठीक होती. सहाव्या किलोमीटरवरचा माणूस कमी भुकेला असतो असे मात्र नाही.

दुसरी कसोटी कागदाची. पळालेल्या आणि जळालेल्या घरात कागद उरत नाहीत. शिधापत्रिकेला आधार लागतो, आधारला पत्ता लागतो, पत्त्याला गाव लागते आणि गावच नकाशावरून पुसले गेलेले असते. अबूझमाडची तर पिढ्यान् पिढ्या महसुली मोजणीच झालेली नव्हती. जमिनीची नोंद नाही म्हणून धान विकण्यासाठी सोसायटीत नाव नोंदवता येत नाही. छत्तीसगड शासन २०२३-२४ च्या हंगामापासून क्विंटलला ३१०० रुपयांनी, एकरी २१ क्विंटलपर्यंत धान विकत घेऊ लागले. ज्याच्या हाती पट्टा नाही, तो या दरापासून वंचित राहतो आणि तेच धान गावच्या व्यापाऱ्याला पडेल भावाने देतो. तेलंगणात गेलेल्या कुटुंबांचे दुखणे याहून बिकट. तेथे ‘गुत्ती कोया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांच्या जनजाती दर्जाचा प्रश्न दोन राज्यांच्या मध्ये अडकून राहिला. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ व्यवस्था २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली हे खरे. पण ज्याच्यापाशी कार्डच नाही त्याला तिचा उपयोग काय? म्हणून निर्वासिताला आधी धान्य आणि मग कागद, हाच क्रम असला पाहिजे. दामाजीपंतांनी कोठार उघडताना कुणाकडे दाखला मागितल्याचे ऐकिवात नाही.

तिसरी कसोटी ताटाची. पाच जणांत ३५ किलो तांदूळ म्हणजे दिवसाला माणशी सुमारे २३० ग्रॅम. त्यातून साधारण आठशे उष्मांक मिळतात. कष्ट करणाऱ्या देहाला दोन हजारांहून अधिक लागतात. उरलेले कोठून येत असे? मंडियाच्या पेजेतून, कोदो-कुटकीतून, मोहातून, कंदमुळांतून, बांबूच्या कोंबांतून, नदीच्या मासळीतून. वनवासींचे ताट गरीब होते, पण एकसुरी नव्हते. संघर्षाने हे रानच माणसासाठी बंद केले. सुरुंगाच्या भीतीने बाया मोह वेचायला जाईनात. पेरण्या राहिल्या आणि जपून ठेवलेले बियाणेही पळापळीत गेले. अशा ठिकाणी केवळ पांढऱ्या तांदळाची पोती उतरवत राहिलो तर पोट भरेल, देह पोसला जाणार नाही. त्यात मलेरियाची भर. वारंवार येणारा ताप रक्त आटवतो आणि खाल्लेले अंगी लागू देत नाही. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेले ‘मलेरियामुक्त बस्तर’ अभियान म्हणूनच अन्नाच्या प्रश्नाशी जोडलेले आहे. छत्तीसगडने २०२१ मध्ये भरडधान्याची मोहीम हाती घेऊन कोदो-कुटकीची खरेदी सुरू केली. ते धान्य शहरातील प्रतिष्ठित दुकानात पोहोचण्याआधी ज्यांनी पिकवले त्यांच्या अंगणवाडीच्या ताटात पोहोचले पाहिजे.

इंद्रावतीच्या अलीकडचा अनुभव

या बाबतीत महाराष्ट्रापाशी सांगण्यासारखे काही आहे आणि शिकण्यासारखेही. भामरागडला पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती यांचा संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क दरवर्षी तुटत आला आहे. म्हणून पावसाळ्यापूर्वीच काही महिन्यांचे धान्य दुर्गम गावांत पोहोचवून ठेवण्याची रीत येथे रुळली. १९९५ पासूनच्या नवसंजीवनी योजनेत तिला स्थान आहे. रस्ता बंद होणार हे गृहीत धरून आधीच धान्य नेऊन ठेवायचे, हा साधा शहाणपणा आहे. पुराला तो लागू पडतो, तसाच अशांततेलाही.

दुसरा अनुभव खावटीचा. पावसाळ्यात हाताला काम नसते, घरातले धान्य संपलेले असते आणि नवे पीक दूर असते. या काळासाठी आदिवासी विकास महामंडळामार्फत १९७८ पासून धान्य आणि रोख रक्कम मिळून खावटी कर्ज देण्यात येऊ लागले. हेतू सावकाराच्या दारी जाणारी पावले थांबवण्याचा होता. पण कर्ज ते कर्जच. ते थकत गेले. २०२० मध्ये शासनाने कुटुंबामागे चार हजार रुपयांचे खावटी अनुदान जाहीर केले, अर्धे रोख आणि अर्धे वस्तुरूपाने. अडचणीच्या महिन्यांतील मदत कर्जाच्या रूपात देऊ नये, हे कळायला चाळीस वर्षे लागली.

तिसरा अनुभव धान्यकोशाचा. १९९६-९७ मध्ये केंद्राने ग्रामधान्यकोश योजना सुरू केली. सदस्य कुटुंबामागे एक क्विंटल धान्य गावातच साठवायचे, तंगीत उसने घ्यायचे आणि पीक आले की फेडायचे. ही योजना पुष्कळ ठिकाणी कागदावरच विरली. कल्पना मात्र आपल्या मातीतली आहे. पेव आणि कणगी यांवर तर आपला गावगाडा उभा होता. संघर्षातून सावरणाऱ्या गावात गावाच्याच कुलपाखाली असलेले कोठार हे धान्यापेक्षाही अधिक काही परत देते. एकमेकांकडे संशयाने पाहू लागलेली घरे पुन्हा एका हिशोबात बसतात. कुणाचा मुलगा दलममध्ये होता, कुणाचा पोलिसांत; दोघांच्या आया त्याच कोठारातून पायलीभर धान्य मोजून घेतात. न्यायालय आणि पुनर्वसनाचे आदेश जे घडवू शकत नाहीत, ते अशा रोजच्या व्यवहारातून हळूहळू घडते.

आणि मेंढा-लेखा विसरून चालणार नाही. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी हे धानोरा तालुक्यातील गाव. आपल्या जंगलातील बांबू ग्रामसभेने स्वतः विकला. जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलावही स्वतः करू लागल्या. गावाच्या हाती स्वतःचा पैसा आला की शिधा हा घराचा आधार राहतो, एकमेव आशा राहत नाही. मदतीचे अंतिम उद्दिष्ट हेच असले पाहिजे. पहिले पीक घरात येईपर्यंत शासनाचे धान्य, आणि पहिल्या पिकासाठी बियाणे, बैल आणि जमिनीचा कागद. हे चारही एकत्र पोहोचले नाहीत तर माणूस वर्षानुवर्षे रांगेतच उभा राहतो.

दान की ऋण?

शेवटी भावनेचा प्रश्न. या धान्याकडे शहरातला समाज पुष्कळदा उपकार म्हणून पाहतो. ‘फुकट तांदळाने माणसे आळशी होतात’ हे वाक्य तर सर्रास कानी पडते. शहरांच्या भिंती, कारखान्यांच्या भट्ट्या आणि घरांची दारे ज्या लोखंडावर आणि सागावर उभी आहेत, ते बैलाडिला, सुरजागड आणि आलापल्लीच्या भूमीतून आले, याचे स्मरण ठेवले तर ही भाषा बदलेल. चाळीस वर्षे दोन बंदुकांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला दिलेला शिधा हे दान नाही. ते थकलेले ऋण आहे.

म्हणून या धान्याला कोणतीही अट नसावी. ज्याचा भाऊ जंगलात गेला त्यालाही ते मिळाले पाहिजे, जो शरण आला त्यालाही, आणि ज्या जवानाच्या घरचा कर्ता पुरुष सुरुंगात गेला त्या गोंड मातेलाही. स्वयंसेवी संस्थांनी पोती वाटण्याच्या छायाचित्रांपेक्षा आधारची कागदपत्रे भरून देणे, वनहक्काचे दावे लिहून देणे, गोंडी आणि माडिया बोलणारे कार्यकर्ते तयार करणे हे कष्टाचे काम पत्करावे. १९७३ मध्ये हेमलकसाला काम उभे राहिले, तेव्हा तेथे रस्ता नव्हता, वीज नव्हती आणि भाषाही परकी होती. विश्वास मिळायला वर्षे गेली. आज रस्ता आहे. आता सबब उरलेली नाही.

येत्या पावसाळ्यात पर्लकोटा पुन्हा फुगेल, शबरीचे पाणी वाढेल. त्याआधी अखेरच्या पाड्यावर धान्य, मीठ आणि बियाणे पोहोचले आहे का, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या जिल्ह्यातील अधिकाऱ्याला, लोकप्रतिनिधीला आणि संस्थेला विचारावा. कोठारे भरलेली आहेत आणि वाट मोकळी झाली आहे. चालायला निघण्याची पाळी आता भुकेल्या माणसाची नाही.